बोम्मसंद्र्याची मेट्रो आणि अकरावीचे कलनशास्त्र

बेंगळुरू शहराच्या आग्नेयेस, होसूर रस्त्यावर, इलेक्ट्रॉनिक सिटी ओलांडून पुढे गेले की बोम्मसंद्रा लागते. आनेकल तालुक्यातील हे गाव आज औद्योगिक वसाहत म्हणून ओळखले जाते. औषधनिर्मिती, यंत्रभाग, विद्युत उपकरणे अशा नाना प्रकारच्या कारखान्यांची येथे दाटी आहे. १० ऑगस्ट २०२५ रोजी बेंगळुरू मेट्रोच्या पिवळ्या मार्गाचे उद्घाटन झाले आणि आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्रा हे सुमारे १९ किलोमीटरचे, १६ स्थानकांचे अंतर चालकविरहित गाडीच्या टप्प्यात आले.

कारखान्यांमागोमाग माणसे येतात आणि माणसांबरोबर त्यांची मुले. तमिळ, तेलुगू, हिंदी, ओडिया, बंगाली अशा अनेक भाषा बोलणारी कुटुंबे या परिसरात राहतात. त्यांत मराठी घरेही आहेत. कोणी कारखान्यात पर्यवेक्षक, कोणी संगणक कंपनीत, तर कोणी बदलीवर आलेला बँक कर्मचारी. या घरांतील मुलांची भाषिक कसरत लक्षात घेण्याजोगी असते. घरात मराठी, रस्त्यावर व शाळेत कन्नड, पाठ्यपुस्तकात इंग्रजी! दहावीपर्यंत हे ओझे कसेबसे पेलले जाते. त्यानंतर पदवीपूर्व अभ्यासक्रम, म्हणजे तेथील बोलीत 'पीयूसी', सुरू होतो आणि पहिल्या काही आठवड्यांतच गृहपाठाच्या वहीत अशी गणिते येऊन बसतात की आईवडील वही उलटून पाहतात व मुकाट्याने परत ठेवतात. कलनशास्त्र आणि गतिशास्त्र यांची ही पहिली भेट होय. ती कशी घडते यावर मुलाचा पुढील मार्ग बऱ्याच अंशी अवलंबून राहतो. विज्ञान शाखा सोडून देणारी कित्येक मुले याच वळणावर सोडतात, आणि आपल्याला बुद्धी कमी आहे असा कायमचा ग्रहही येथेच करून घेतात.

अडचण नेमकी कोठे येते?

या ग्रहाला बहुतेक वेळा आधार नसतो. अडचणीचे एक कारण विद्यार्थ्यात नसून धड्यांच्या क्रमात आहे. कर्नाटकात पीयूसीच्या विज्ञान शाखेसाठी एनसीईआरटीची पाठ्यपुस्तके वापरली जातात. त्यांतील अकरावीच्या भौतिकशास्त्रात सरळ रेषेतील गती हा विषय अगदी आरंभी येतो व तेथेच 'क्षणिक वेग म्हणजे स्थानाचा काळासापेक्ष अवकलज' असे विद्यार्थ्यास सांगितले जाते. अवकलज म्हणजे काय, हे मात्र गणिताच्या पुस्तकात 'सीमा व अवकलज' या प्रकरणात, वर्षाच्या जवळजवळ अखेरीस शिकवले जाते. अर्थात भौतिकशास्त्राचा शिक्षक जे हत्यार जून-जुलैत हाती देतो, ते कसे धरावे हे गणिताचा शिक्षक काही महिन्यांनी सांगतो. मधल्या काळात मुलगा सूत्रे पाठ करतो. पाठ केलेल्या सूत्रावर सरळ गणित सुटते. प्रश्नाने थोडे वळण घेतले की हात थबकतो.

आयआयटी कानपूर येथे अध्यापन केलेले प्रा. एच. सी. वर्मा यांनी ही उणीव ओळखली होती. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'कन्सेप्ट्स ऑफ फिजिक्स' या द्विखंडात्मक ग्रंथाचे दुसरेच प्रकरण 'भौतिकशास्त्र आणि गणित' असे आहे. अवकलन व समाकलन यांची कामापुरती ओळख तेथे आधी करून दिलेली आहे व नंतरच गतीचा विषय हाती घेतला आहे. या ग्रंथाला पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी का बिलगले, याचे एक उत्तर या क्रमात सापडते. प्रा. वर्मा यांना २०२० साली 'पद्मश्री' जाहीर झाली.

एका स्थानकापासून दुसऱ्या स्थानकापर्यंत

हे हत्यार धरायला शिकण्यासाठी बोम्मसंद्र्याच्या मुलांना दूर जावे लागत नाही. डोक्यावरून धावणारी मेट्रो पुरेशी आहे. सोयीसाठी काही आकडे कल्पू. दोन स्थानकांमधील अंतर १,२०० मीटर आहे. गाडी सुटल्यावर दर सेकंदाला तिचा वेग सेकंदास १ मीटर याप्रमाणे वाढतो. २० सेकंदांत तो सेकंदास २० मीटर, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर होतो. मग गाडी काही काळ एकाच वेगाने धावते व शेवटच्या २० सेकंदांत त्याच प्रमाणात मंदावत थांबते.

प्रश्न पहिला : सुटल्यापासून बरोबर दहाव्या सेकंदाला गाडीचा वेग किती? या टप्प्यात कापलेले अंतर काळाच्या वर्गाच्या निम्मे असते. १० सेकंदांत ५० मीटर आणि ११ सेकंदांत ६०.५ मीटर, म्हणजे त्या एका सेकंदातील सरासरी वेग १०.५. सेकंदाऐवजी त्याचा दहावा भाग घेतला तर सरासरी येते १०.०५. शंभरावा भाग घेतला तर १०.००५. काळाचा तुकडा जसजसा लहान करावा तसतशी सरासरी १० या संख्येला भिडू लागते. ही संख्या म्हणजे 'सीमा', आणि तोच त्या क्षणीचा वेग. अवकलन याहून वेगळे काही नाही.

प्रश्न दुसरा : पूर्ण प्रवासास किती वेळ लागला? वेग आणि काळ यांचा आलेख काढला तर समलंब चौकोनाची आकृती मिळते. आधी चढण, मग सपाटी, मग उतार. चढणीखालील क्षेत्रफळ २००, उतारा‌खालील २००; उरलेले ८०० मीटर सेकंदास २० मीटर वेगाने ४० सेकंदांत सरतात. एकूण ८० सेकंद. आलेखाखालचे क्षेत्रफळ म्हणजे कापलेले अंतर, हेच समाकलन. आलेखाचा चढ म्हणजे त्वरण, हे अवकलन. एकाच चित्रात दोन्ही विषय सामावतात.

येथे भाषाही मदतीला येते. मराठीत ज्याला त्वरण म्हणतात त्याला कन्नडमध्ये 'वेगोत्कर्ष' म्हणतात. वेगाचा उत्कर्ष! मराठी कानाला हा शब्द ऐकताक्षणी उमगतो. तीन भाषांचे ओझे वाहणाऱ्या मुलाला तीन खिडक्यांतून एकच वस्तू पाहण्याची ही संधीही असते.

ठेवीवरील व्याज आणि 'सीमा'

बँकेशी नित्य संबंध असणाऱ्या पालकाला सीमेची कल्पना वेगळ्या वाटेने ठाऊकच असते. समजा, एका रुपयावर वर्षाला शंभर टक्के व्याज आहे. वर्षाखेरीस एकदाच व्याज धरले तर दोन रुपये होतात. सहामाही चक्रवाढीने २.२५, तिमाहीने सुमारे २.४४, मासिक चक्रवाढीने २.६१ आणि दैनिक चक्रवाढीने २.७१. चक्रवाढ क्षणोक्षणी झाली तर रक्कम अमर्याद वाढेल का? नाही. ती २.७१८ च्या आसपास एका संख्येवर स्थिरावते. स्विस गणिती याकोब बर्नुली याने १६८३ मध्ये व्याजाच्या याच प्रश्नातून या संख्येचा माग काढला. पुढे 'ई' या अक्षराने ती कलनशास्त्राचा आधारस्तंभ ठरली.

व्यवहारातील आकडे घेतले तर हे अधिक स्पष्ट होते. एक लाख रुपयांवर सात टक्के दर मानला, तर वार्षिक हिशेबाने वर्षाअखेर १,०७,००० रुपये होतात. तिमाही चक्रवाढीने सुमारे १,०७,१८६. आणि क्षणोक्षणीच्या चक्रवाढीने सुमारे १,०७,२५१. ज्या पालकाला कलनशास्त्राचे नावही ठाऊक नाही, तो आपल्या मुदत ठेवीच्या पावतीवरून मुलाला सीमेचा अर्थ सांगू शकतो.

पाटणचा मठ

कठीण गणितासाठी मदतीची व्यवस्था उभारावी लागते, ही जाणीव महाराष्ट्राला नवी नाही. शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ मध्ये जन्मलेल्या भास्कराचार्यांनी वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये 'सिद्धान्तशिरोमणी' रचला. चंद्राची गती क्षणोक्षणी बदलते, म्हणून तिथी व ग्रहण यांच्या सूक्ष्म गणितासाठी दिवसभराची सरासरी पुरेशी होत नाही. त्या त्या क्षणाची 'तात्कालिक' गती घ्यावी लागते, हे त्यांनी त्यात मांडले. मेट्रोच्या दहाव्या सेकंदाचा प्रश्न आणि चंद्राच्या तात्कालिक गतीचा प्रश्न यांचे कूळ एकच आहे. न्यूटन व लायब्निझ यांच्या पाच शतके आधीचा हा विचार आहे. संपूर्ण कलनशास्त्र तेव्हा सिद्ध झाले होते असे म्हणणे अतिशयोक्त ठरेल; परंतु त्याचे बीज तेथे निश्चित दिसते.

त्याच्या पुढची हकीकत अधिक उद्बोधक आहे. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण येथे इ. स. १२०७ चा एक शिलालेख आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांपुढे आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी स्थापिलेल्या मठाची नोंद त्यात आहे, आणि या मठास निकुंभ घराण्यातील सोइदेवाने दिलेल्या दानाचीही. ग्रंथ कितीही थोर असला तरी तो समजावून देणारा माणूस व त्याच्या चरितार्थाची तरतूद यांवाचून तो पुढच्या पिढीपर्यंत पोहोचत नाही, हे त्या काळच्या दात्यांना उमगले होते.

मदत कशी असावी?

'मदत' या शब्दाचे दोन अर्थ होतात. एक, उत्तर सांगणे. दुसरा, विद्यार्थ्यास उत्तरापर्यंत चालवत नेणे. एका उदाहरणाने दोहोंतील अंतर कळेल.

प्रश्न असा : ताशी ७२ किलोमीटर वेगाने धावणाऱ्या गाडीस ब्रेक लावले असता तिचा वेग दर सेकंदाला सेकंदास १ मीटर याप्रमाणे घटतो. ब्रेक लावल्यापासून ३० सेकंदांत ती किती अंतर जाईल? विद्यार्थी ताशी ७२ चे सेकंदास २० मीटर असे अचूक रूपांतर करतो, पाठ केलेले सूत्र लावतो व उत्तर काढतो : १५० मीटर. पुस्तकातील उत्तर आहे २०० मीटर. सूत्र बरोबर, आकडेमोड बरोबर आणि उत्तर चूक!

घाईचा मदतनीस म्हणेल, 'आधी २० सेकंद घे, मग गणित कर.' विद्यार्थी तसे करील, २०० लिहील आणि काही न शिकता वही मिटेल. जाणता मदतनीस एकच प्रतिप्रश्न विचारील : 'तिसाव्या सेकंदाला गाडीचा वेग किती येतो?' विद्यार्थी वजाबाकी करतो. उत्तर येते उणे १०. म्हणजे गाडी उलट धावते आहे! ब्रेक लावलेली गाडी मागे कशी जाईल? क्षणभराच्या शांततेनंतर त्याला स्वतःच उमगते की गाडी विसाव्या सेकंदालाच थांबली होती व पुढील दहा सेकंदांत सूत्राने तिला निष्कारण ५० मीटर मागे नेले. सूत्राला मर्यादा असतात आणि त्वरण कायम आहे तोवरच ते चालते, ही गोष्ट तो सहसा विसरत नाही.

हंगेरियन गणिती जॉर्ज पोल्या यांनी १९४५ साली प्रकाशित केलेल्या 'हाऊ टू सॉल्व्ह इट' या पुस्तकात अशा मदतीची चौकट घालून दिली आहे. प्रश्न समजून घेणे, योजना आखणे, ती पार पाडणे आणि शेवटी मागे वळून उत्तर तपासणे, या तिच्या चार पायऱ्या होत. यांतील चौथी पायरी बहुतेक मुले गाळतात. वरील उदाहरणात चूक नेमकी तेथेच पकडली गेली.

मदत मागण्याचीही एक रीत आहे. 'हे गणित येत नाही' एवढ्या वाक्याने मदतनीसास काहीच कळत नाही. प्रश्न पूर्ण लिहावा, आकृती काढावी, काय दिले आहे व काय हवे आहे ते एककांसह मांडावे, आपण केलेल्या पायऱ्या दाखवाव्यात आणि गाडी कोठे अडली तेवढेच विचारावे. अशी मांडणी करताकरता निम्म्या शंका आपोआप फिटतात, हा अनेक शिक्षकांचा अनुभव आहे.

मदत कोठे मिळते?

शिकवणीचे शुल्क प्रत्येक कुटुंबास परवडतेच असे नाही. आणि परवडले तरी दीडशे मुलांच्या वर्गात एकाची शंका ऐकून घेण्यास कोणाला सवड असते? अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी १९८४ मध्ये असे दाखवून दिले की व्यक्तिगत मार्गदर्शन मिळालेला सरासरी विद्यार्थी नेहमीच्या वर्गातील ९८ टक्के विद्यार्थ्यांच्या पुढे जातो. नंतरच्या संशोधनात हा लाभ इतका मोठा आढळला नाही. तरीही तो भरीव असल्याचे दिसून आले. प्रश्न असतो तो असे मार्गदर्शन स्वस्तात आणायचे कोठून, हा.

त्याचे एक उत्तर वित्तक्षेत्रातील माणसाने दिले, ही बाब बँकेच्या वाचकांना विशेष वाटावी. सलमान खान हे अमेरिकेत एका गुंतवणूक संस्थेत विश्लेषक होते. २००४ मध्ये ते दूरच्या शहरातील आपल्या नात्यातील बहिणीला, नादियाला, दूरध्वनीवरून गणित शिकवू लागले. ती एककांच्या रूपांतरापाशी अडली होती. इतर नातलगही विचारू लागले, तेव्हा २००६ पासून त्यांनी धड्यांच्या चित्रफिती महाजालावर ठेवण्यास प्रारंभ केला आणि त्यातून 'खान अकॅडमी' ही ना-नफा संस्था उभी राहिली. कलनशास्त्र व भौतिकशास्त्र यांचे तिचे धडे आजही विनामूल्य आहेत.

आपल्या देशातही साधनांची उणीव नाही. एनसीईआरटीची सर्व पाठ्यपुस्तके व सरावासाठीची 'एक्झेंप्लर' पुस्तके तिच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. 'दीक्षा' हा शासकीय मंच २०१७ पासून शालेय अभ्याससाहित्य पुरवतो. आयआयटी व बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ मध्ये सुरू केलेल्या 'एनपीटीईएल' उपक्रमातील व्याख्याने पदवीच्या विद्यार्थ्यांस उपयोगी पडतात. नोबेल मानकरी कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये आरंभलेल्या 'फेट' प्रकल्पातील आभासी प्रयोगांत पडद्यावरील माणसाला पुढेमागे चालवून स्थान, वेग व त्वरण यांचे आलेख पाहता येतात. त्यांतील काही प्रयोग मराठीतही उपलब्ध आहेत. मराठी विश्वकोशातील 'अवकलन व समाकलन' ही नोंदही चाळण्यासारखी आहे. मातृभाषेत एकदा अर्थ उमगला की इंग्रजी पुस्तकाची भीती ओसरते.

यंत्र जेव्हा शिक्षक होते

गेल्या काही वर्षांत या यादीत कृत्रिम बुद्धिमत्तेची भर पडली आहे. गणिताचे छायाचित्र काढताच पायऱ्यांसह उत्तर पुढ्यात येते. हे वरदान की शाप? तुर्कस्तानातील सुमारे एक हजार माध्यमिक विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना असे यंत्र मुक्तपणे वापरू दिले, त्यांची सरावातील कामगिरी ४८ टक्क्यांनी सुधारली. मात्र यंत्र काढून घेऊन परीक्षा घेतली तेव्हा यंत्र कधीच न मिळालेल्या मुलांपेक्षा त्यांना १७ टक्के कमी गुण पडले. ज्यांच्या यंत्रास उत्तर न देता केवळ सूचना देण्याचे बंधन घातले होते, त्यांच्या बाबतीत हा तोटा जवळजवळ दिसला नाही. पोल्या यांनी माणसांसाठी सांगितलेला नियम यंत्रासही लागू पडतो, असाच याचा अर्थ. म्हणून यंत्राकडे जायचेच असेल तर 'उत्तर सांग' असे न म्हणता 'माझी कोणती पायरी चुकली ते विचार करायला लावून दाखव' असे म्हणावे. आणि यंत्रही चुकते, हे ध्यानात ठेवून अखेरचा पडताळा स्वतः घ्यावा.

पालक आणि शेजारी

मुलाच्या गृहपाठास आपण निरुपयोगी आहोत, असे अनेक पालकांना वाटते. वस्तुतः उत्तर ठाऊक नसलेला पालकही तीन प्रश्न विचारू शकतो : या प्रश्नात काय दिले आहे? आकृती कोठे आहे? आलेले उत्तर शक्य वाटते का? माणसाचा वेग ताशी ३०० किलोमीटर किंवा गाडीचे अंतर उणे येत असेल, तर ते पकडण्यास पदवी लागत नाही, व्यवहारज्ञान पुरते.

बदलीच्या नोकरीतील कुटुंबांना हे अधिकच लागू आहे. पुण्याहून किंवा कोल्हापुराहून बेंगळुरूस आलेल्या मुलाचे परीक्षा मंडळ बदलते, भाषा बदलते, मित्र सुटतात. शंका मात्र सोबत येतात. अशा वेळी एखाद्या अभियंत्याने, विज्ञान पदवीधर कर्मचाऱ्याने किंवा निवृत्त शिक्षकाने रविवारी सकाळी एक तास दोनचार मुलांसोबत बसावे. त्यासाठी संस्था, इमारत किंवा निधी यांची गरज नाही. लागतो तो एक फळा, आणि उत्तर ओठांवर आलेले असतानाही ते न सांगण्याचा संयम. बोम्मसंद्र्यासारख्या कामगार वस्तीत अशी दहा घरे मिळाली, तर आपण मंद आहोत असे मानून विज्ञानाकडे पाठ फिरवणाऱ्या काही मुलांची पावले निश्चितच थांबतील. पुढे त्यांच्या शिक्षणासाठी कर्ज काढण्याची वेळ येईल तेव्हा बँका आहेतच. परंतु त्या अर्जापर्यंत पोहोचण्याची वाट अकरावीच्या पहिल्या सत्रातील या गणितांवरूनच जाते.